कोंबड्याच्या पायाला डिझेल कशाला?

कोंबड्याच्या नळ्यांवर पांढरट खपल्या धरल्या, खवले उलटे उभे राहिले, की गावात एकच उपाय सांगतात: पाय रॉकेलात बुडवा. रेशनवरचं रॉकेल मिळेनासं झालं तशी त्याची जागा डिझेलने घेतली, आणि ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे ते थेट जळकं ऑइल फासतात. सांगणारा वर खात्रीही देतो, ‘आमच्या आज्यापासून लावतोय, गुण येतो.’ गुण येतो, हे खरंच आहे. वैताग त्याचाच येतो, कारण गुण नेमका कशाचा, हे कुणी विचारत नाही.

हा आजार म्हणजे कोंबडीच्या पायाची खरूज. ती करणारा जीव कोळ्याच्या जातकुळीतला, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. नाव नेमिडोकॉप्टिस म्युटान्स. १८५९ साली फ्रान्समध्ये शार्ल रोबँ आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, म्हणजे ही कीड काही काल सापडलेली नाही. मादी गोल गरगरीत, पाय इतके आखूड की सूक्ष्मदर्शकाखाली ते अंगाच्या कडेबाहेर जेमतेम दिसतात. ती खवल्याखाली शिरते, तिथली कातडी पोखरत बोगदे करते, तिथेच तिचं बाळंतपण होतं. पायाची कातडी चिडून जास्तीचे थर धरते, त्यात लस सुकते, आणि खवले खालून उचलले जातात. बोटांपासून सुरुवात होऊन हे वर सरकतं. दुर्लक्ष झालं तर पाय वेडावाकडा होतो, कोंबडा लंगडतो, कधी बोटही झडतं. लंगडा कोंबडा मादीवर नीट चढू शकत नाही, त्यामुळे अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली तरी पिल्लं कमी निघतात. मग दोष अंड्यांना, नाहीतर बिचाऱ्या खुडूक कोंबडीला.

आता रॉकेलाचं. या जातीच्या किडीला श्वास घ्यायला वेगळी छिद्रं नसतात. ती अंगाच्या पातळ कातडीवाटेच हवा घेते. त्यामुळे अंगावर तेलाचा थर बसला की तिचा जीव गुदमरतो. कुठल्याही तेलाचा. खोबरेल, करंजाचं, कडुनिंबाचं, साधं व्हॅसलिन, सगळी हेच काम करतात. म्हणजे डिझेलात उपयोगाचं जे काही आहे ते त्याचं तेलकटपण, आणि तेवढं तुमच्या स्वयंपाकघरातल्या बाटलीतही आहे. बाकी उरतं ते इंधन. ते कातडीतली चरबी विरघळवून टाकतं, आधीच भेगाळलेल्या पायावर आग करतं आणि शरीरातही शोषलं जातं. कोंबडा चोचीने पाय टोकरतो, तेव्हा तेच पोटात जातं. रात्री डालग्याखाली झाकलेल्या पक्ष्याने त्याची वाफ हुंगायची, आणि पक्ष्यांची श्वसनसंस्था अशा वाफांच्या बाबतीत आपल्याहून किती तरी नाजूक असते. जळक्या ऑइलात तर इंजिनाच्या झिजेचे धातूचे कण आणि जळून तयार झालेली घातक हायड्रोकार्बनं असतात. असं काही आपल्या पोराच्या खरजेवर लावाल का? मग कोंबड्यावरच कशासाठी?

यावर कुणी सांगेल की रॉकेल जुन्या इंग्रजी पुस्तकांतही आहे. आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत ते सापडतं, पण तिथेही बऱ्याचदा ते जवसाच्या तेलात मिसळून लावायला सांगितलेलं आहे. आपल्याकडे येईपर्यंत जवस गळालं आणि रॉकेल उरलं. शिवाय त्या काळी हाताशी दुसरं औषध फारसं नव्हतं. आज मर्क व्हेटरिनरी मॅन्युअल हा पशुवैद्यकांचा नेहमीचा संदर्भग्रंथ उघडला तर या रोगावर आयव्हरमेक्टिन आणि १० टक्के गंधकाचं द्रावण दिसतं.

घरी करायचं ते असं. संध्याकाळी कोंबडा शांत झाला की धरावा, एकाने काखेत घ्यावा, दुसऱ्याने पाय कोमट साबणाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवावेत. खपल्या पिठासारख्या मऊ होतात. मग जुन्या टूथब्रशने खवल्यांच्या दिशेने, म्हणजे वरून खाली, हलकेच घासायचं. जे सुटेल ते सुटेल. नखाने खपली उचकटायची नाही. खाली कच्ची कातडी असते, रक्त येतं आणि जखमेत पू होतो. ‘सगळं खरवडून काढल्याशिवाय कीड जात नाही’ हा समज डिझेलाइतकाच जुना आणि तितकाच तापदायक आहे. पाय कोरडा करून गुडघ्यापासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत तेल चोळायचं, पिसांना न लावता. किडीची नवी पिढी काही आठवड्यांतच तयार होते, म्हणून एकदा लावून भागत नाही. आठवड्यातून दोनदा, महिनाभर तरी. पहिल्या आठवड्यात फरक दिसेना म्हणून सोडून देणाऱ्यांचाच कोंबडा पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लंगडतो.

तेल कोंबड्याला बेधडक लावा, पण अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला लावू नका. ते अंड्यांना लागलं तर कवचाची छिद्रं बुजतात आणि आतलं पिल्लू गुदमरतं.

‘वय झालं, दुसरं काय!’ हेही वारंवार ऐकू येतं. परसात कोंबड्या विकल्या-खाल्ल्या जातात, चांगला कोंबडा मात्र वर्षानुवर्षं राहतो, त्यामुळे किडीला त्याच्या पायावर पसरायला भरपूर वेळ मिळतो आणि दोष वयाच्या माथी जातो. म्हाताऱ्या पक्ष्याचे खवले जाड, रुक्ष होतात, पण ते कौलांसारखे एकावर एक चपटेच बसलेले असतात. ते उचललेले दिसले आणि खालून पांढरी पूड निघाली, की वयाला बोल लावू नका. शंका असेल तर चिमूटभर खपली पुडीत बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. सूक्ष्मदर्शकाखाली कीड ओळखता येते.

दुसरं टोक गाठतात ते इंजेक्शनवाले. गाई-म्हशींसाठीच्या १ टक्का आयव्हरमेक्टिनची बाटली घरात असते, तीच कोंबड्याला ‘अंदाजाने अर्धा मिली’. जरा हिशेब करा. त्या बाटलीवर ५० किलो वजनाला १ मिली असं लिहिलेलं असतं. कोंबडा अडीच किलोचा धरला तर त्याच हिशेबाने ०.०५ मिली होतात, म्हणजे जेमतेम एक थेंब. अर्धा मिली म्हणजे दहापट. औषध चांगलं आहे, रोग फार वाढलेला असेल तर तेच लागतं, पण मात्रा आणि ते कुठून द्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

खुराड्यात औषध फवारलं की काम झालं? नाही. फटीत लपून रात्री रक्त प्यायला बाहेर येणारी लाल कीड वेगळी. पायाची कीड अख्खं आयुष्य पक्ष्यावरच काढते. तरी गळलेल्या खपल्या झाडून जाळाव्यात आणि बसायच्या दांड्या घासून तेल लावून ठेवाव्यात. राखेत लोळून उवा कमी होतात, खवल्याखाली राख पोचत नाही. हळद लावल्याने जखमेला आराम पडेल, कीड मरणार नाही. चुना किंवा कॅल्शियम खायला घालून काहीही होत नाही. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर चालते म्हणून पायालाही लावतात. ती डोळ्यात गेली तर डोळा जायची वेळ येते, कोंबड्याच्या आणि तुमच्याही. माणसाला ही खरूज होत नाही, पोरांना कोंबड्यापासून लांब ठेवायची गरज नाही. आणि ‘एकट्या कोंबड्यालाच आहे’ असं कधीच धरून चालू नका: ही कीड अंगाला अंग लागून पसरते, आईकडून पिल्लांकडे जाते, त्यामुळे एका दांडीवर बसणाऱ्या सगळ्यांचे पाय तपासा. नवा पक्षी बाजारातून आणला तर आधी त्याचे पाय बघा, मग तुरा.

कीड मेली तरी पाय लगेच गुळगुळीत होत नाही. खराब खवले गळून नवे यायला काही महिने जातात, आणि झडलेलं बोट परत येत नाही. जत्रेसाठी राखलेला कोंबडा असेल तर आयव्हरमेक्टिन देण्याआधीच डॉक्टरांना जत्रेची तारीख सांगा. औषधाचा अंश मांसात काही काळ राहतो. त्याच खुराड्यातल्या कोंबड्यांना औषध दिलं असेल तर त्यांची अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही तेव्हाच विचारून घ्या.