जुलाबात नुसते पाणी का पुरत नाही?

चिरलेल्या काकडीला मीठ लावून ठेवले की थोड्या वेळात ताटलीत पाणी सुटते. ते काकडीच्या पेशींतून येते. प्रत्येक पेशीभोवती पातळ आवरण असते. पाणी त्यातून जाऊ शकते आणि जिकडे मीठ-साखर जास्त, तिकडे ओढले जाते. मीठ-साखरेला मात्र सहज वाट नसते. त्यांच्यासाठी आवरणात प्रथिनांची दारे असतात.

आपल्या आतड्यातही हेच चालते. पटकीत जंतूंच्या विषामुळे पेशींतले क्षार आतड्यात सुटतात आणि त्यांच्यामागे शरीरातले पाणी वाहून जाते. अशा वेळी नुसते पाणी पाजून ही तूट भरत नाही. पण एक दार आजारातही चालू राहते. मिठातले सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले की ते उघडते. जोडी आत गेली की मागोमाग पाणीही शोषले जाते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये ही जोडी दाखवून दिली. ओआरएस काम करते ते याच दारामुळे.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिंपांतून द्यायला सुरुवात केली. नातेवाईकच रुग्णांना पेल्याने पाजत. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

तरीही ‘जुलाब लागलेत, पाणी देऊ नका’ असे आपल्या वस्तीत अजून ऐकू येते. हे लेकराच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आपण एवढे लक्षात ठेवू:

• पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात पूर्ण पाकीट घालावे. २४ तासांनी उरलेले फेकावे.

• पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. अंदाजाने वाढवू नये. जास्त मीठ बाळाला घातक आणि जास्त साखरेने काकडीसारखेच उलटे पाणी सुटते. त्यामुळे कोल्ड्रिंकही नको.

• प्रत्येक जुलाबानंतर २ वर्षांखालील बाळाला पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, घोटघोट पाजावे. उलटी झाली तर १० मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नये.

• ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे व सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. जुलाब थांबले तरी झिंक १४ दिवस द्यावे.

डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचातून रक्त आले, मूल मलूल झाले किंवा पीतच नसेल, तर घरी वाट पाहू नये. वाटेतही ओआरएस पाजत लगेच दवाखाना गाठावा.