घाटमाथ्यावरचा गृहप्रवेश

मुंबईकराला इगतपुरी ठाऊक असते ती आगगाडीच्या खिडकीतून. कसाऱ्याला गाडीला जादा इंजिने जोडली जातात, सदतीस फुटांना एक फूट असा चढ चढून गाडी वर येते, आणि इगतपुरीच्या फलाटावर थंड वाऱ्याची पहिली झुळूक लागते. हा लोहमार्ग 1 जानेवारी 1865 रोजी सुरू झाला. शेजारून मुंबई-आग्रा रस्ता जातो. आता 2025 च्या जूनपासून समृद्धी महामार्गही डोंगराच्या पोटातून, सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्याने, कोकणाकडे उतरू लागला आहे.

परंतु या घाटाने दरवर्षी आणखी एक वाहतूक होत असते आणि तिचे वेळापत्रक कोणत्याही फलाटावर लावलेले नसते. दिवाळीच्या सुमारास सिन्नर, संगमनेर, पारनेर या बाजूंचे धनगर आपल्या मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात. देशावरचे गवत तोवर वाळू लागलेले असते आणि कोकणात भाताची खाचरे नुकतीच मोकळी झालेली असतात. तिकडच्या शेतात रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंडीखत द्यायचे आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे घ्यायचे, असा हा जुना व्यवहार आहे. पावसाळ्याच्या आधी सर्वांनी पुन्हा घाट चढून यायचे, कारण कोकणातल्या चिखलात मेंढीचे खूर कुजतात.

चार-पाच कुटुंबे मिळून एकत्र फिरतात, त्या मेळ्याला ‘वाडा’ म्हणतात. आपल्या मनात वाडा म्हटला की चौसोपी इमारत येते. धनगरांचा वाडा मात्र घोड्याच्या पाठीवर असतो. पाल, काठ्या, भांडी, पिठाची पोती, खुराड्यातल्या कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि कधी कधी वर्षाचे मूलसुद्धा! पुरुष मेंढ्यांबरोबर रानातून जातात. घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढच्या मुक्कामी नेण्याचे काम बायकांचे. त्यामुळे कोणता घोडा कुठे चालेल, कोणाशेजारी कोण बांधायचा, हे सारे शास्त्र बायकांपाशी असते.

या शास्त्राचा एक प्रयोग मला गेल्या दिवाळीत माझ्याच शेतात पाहायला मिळाला.

येवल्याची खरेदी

मी शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. गावाबाहेर माझे दोन एकर भाताचे शेत आहे. हळवे भात लवकर निघते, म्हणून सिन्नरकडचा एक वाडा दरसाल माझ्याकडे काही दिवस उतरतो. वाड्याची कारभारीण एक सत्तरीची म्हातारी आहे. तिला मी आक्का म्हणतो, ती मला गुर्जी म्हणते.

यंदा वाड्याबरोबर नेहमीची पाच घोडी होतीच. पण त्यांच्यापासून बरेच दूर, बांधाच्या पलीकडे, एक इवलेसे तांबडे शिंगरू एकटेच खुंटीला बांधलेले दिसले. सहा-सात महिन्यांची ती मादी. पोट गोल, पाय काटक्यांसारखे, आयाळ ब्रशासारखी उभी. येवल्याला दसऱ्याच्या सुमारास मोठा घोडेबाजार भरतो, तिथून आक्काने ती विकत आणली होती. नाव ठेवले होते चिमी.

“एवढ्या लहान जिवाला असे वाळीत का टाकले?” आमच्या सौभाग्यवतींनी विचारले.

“वाळीत न्हाई बाई,” आक्का म्हणाली. “बाजारातनं आणलंय. धा गावची जनावरं तिथं नाकाला नाक लावत्यात. एकवीस दीस जाऊंद्यात. नाक वाहिलं न्हाई, घसा सुजला न्हाई, तर मग आपलं.”

पुढे मी ओळखीच्या पशुवैद्यांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी मान डोलावली. घोड्यांत गळ्याखाली गाठी येऊन नाक वाहण्याचा एक सांसर्गिक रोग आहे. संसर्ग झाल्यापासून तो साधारण तीन ते चौदा दिवसांत डोके वर काढतो. म्हणजे तीन आठवडे दूर बांधणे हा आक्काचा नेम शास्त्राला धरूनच होता. त्यांनी एक भरही घातली. ग्लँडर्स नावाचा याहून भयंकर रोग आहे, तो माणसालाही होऊ शकतो आणि त्याची खात्री रक्त तपासूनच करावी लागते. हरयाणात हिसारला 1985 साली घोड्यांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. अशा तपासण्यांत त्या केंद्राचा शब्द प्रमाण मानतात.

चिमी कशासाठी?

चिमीची खरेदी घरात सर्वांना पसंत नव्हती. आक्काच्या मुलाचे म्हणणे होते की आता घोडी विकावी आणि बिऱ्हाड टेम्पोने न्यावे. कित्येक वाडे तसे करूही लागले आहेत. आक्काचा हिशेब निराळा होता. टेम्पो रस्त्यावर थांबतो, घोडे खाचरापर्यंत जाते. टेम्पोला रोज डिझेल लागते, घोडे बांधावर चरते. पण वाड्यातली सर्वांत जुनी घोडी, गंगी, आता दातांनी आणि गुडघ्यांनी थकली होती. तिचे ओझे तीन वर्षांनी उचलायला कोणीतरी तयार हवे होते. त्याआधी कोवळ्या पाठीवर काही लादता येत नाही.

“ह्ये पोर कळपात रुळलं तर घोडी ऱ्हात्यात,” आक्का मला हळूच म्हणाली. “न्हाई रुळलं तर इकायचं, आन् मग पोरगं म्हनतंय तेच खरं.”

आपण घोडा म्हटले की शर्यतीचा उंच, चकचकीत घोडा डोळ्यांपुढे आणतो. धनगरांची ही घोडी माणसाच्या छातीपर्यंत येतात. पण त्यांचे कूळ लहान नाही. भीमेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू मराठ्यांच्या घोडदळाचा कणा होते. राजा बढे यांच्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीतातही त्यांचा उल्लेख आहे. फौजा गेल्या, संस्थाने गेली, तट्टे राहिली ती मुख्यतः धनगरांच्या दावणीला. 2023-24 साली भीमथडी ही देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली.

पाश्चात्य देशांत याहूनही बुटके घोडे केवळ हौसेखातर पाळतात. अर्जेंटिनातली फालाबेला जात त्यासाठी प्रसिद्ध आहे. अमेरिकेतली थंबेलिना नावाची घोडी तर अवघी साडेसतरा इंच उंच होती, आणि जगातला सर्वांत लहान घोडा म्हणून 2006 साली तिची गिनेस बुकात नोंद झाली. पण घोडा साडेसतरा इंचांचा असो की साडेपाच फुटांचा, त्याचे मन कळपाचेच असते. एकटा घोडा नीट खात नाही, नीट झोपत नाही. झोपताना कोणीतरी जागे आहे, हा भरवसा त्याला लागतो. तो भरवसा माणसाने देऊन भागत नाही.

ओळख नाकाची

एकवीस दिवस भाऊबीजेला पुरे होत होते. पण आक्काची तयारी आधीपासूनच चालली होती. कळपाची म्होरकी होती चंद्री, कपाळावर पांढरी चांदणी असलेली धिप्पाड घोडी. कळपात पुढारीपण बहुधा अशा एखाद्या पोक्त मादीकडे असते. पाण्यावर आधी ती, वाटेवर पुढे ती. आक्काने चंद्रीच्या पाठीवरची घामट वाकळ काढली आणि ती नेऊन चिमीच्या खुंटीजवळ टाकली. दुसऱ्या दिवशी चिमीच्या अंगावर घातलेले फडके चंद्रीपुढे धरले. चंद्रीने ते हुंगले, वरचा ओठ मुडपून मान उंच केली आणि पुन्हा चरू लागली.

“आधी नाकानं वळख, मग डोळ्यानं,” आक्का म्हणाली.

दुसरी गोष्ट तिने केली ती सोबतीण निवडण्याची. पहिली गाठ चंद्रीशी घालून दिली नाही. थकलेल्या गंगीला आणि चिमीला भाऊबीजेच्या सकाळी दोघींनाच शेताच्या एका अंगाला सोडले. गंगीने चिमीचे नाक हुंगले, एक बारीक किंकाळी फोडली, पुढचा पाय आपटला आणि मग कंटाळल्यासारखी चरू लागली. तासाभरात चिमी तिच्या शेपटीमागे फिरू लागली. तिच्या ओळखीचे आता एक तरी माणूस, म्हणजे घोडे, त्या घरात होते.

“सासरी नणंदेपेक्षा आजेसासू बरी,” असा शेरा आमच्या घरातून आला.

तिसरी गोष्ट जागेची. मला वाटले होते की मेंढ्यांच्या वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, सर्वांना एकत्र करतील. आक्काने कानांना हात लावला. कोपरा आला की मागे हटायला वाट नाही, आणि वाट नसली की लाथ बसते. म्हणून सर्वांना उघड्या खाचरात सोडायचे. घोडी सहा होती, पण कडबा टाकला आठ ठिकाणी, आणि तोही लांब लांब. एकाला हुसकले तर त्याला दुसरीकडे खायला मिळाले पाहिजे. भुकेवरून भांडण नको.

दोन दिवस आणि तीन रात्री

त्याच दिवशी दुपारी बाकीची घोडी सुटली. चंद्री कान मागे पाडून, मान सापासारखी खाली घालून सरळ चिमीवर चालून आली. चिमी पळाली. शंभर पावलांवर थांबली, वळली, आणि तिने एक विलक्षण गोष्ट केली. मान पुढे ताणली, ओठ मागे ओढले आणि आवाज न करता तोंडाची उघडझाप करू लागली, जणू हवा चघळते आहे.

“बघा गुर्जी, ‘म्या ल्हान हाय, मारू नगा’ म्हनतंय,” आक्का हसून म्हणाली.

शिंगरांची ही खूण जगभर ओळखीची आहे. ती शरणागती आहे की भेदरलेल्या पोराची दूध पिण्याची हालचाल, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. चंद्रीने तिचा अर्थ लावला तो एवढाच, की तिने कान वर केले आणि ती परत फिरली. चावली नाही, लाथही मारली नाही.

पण म्हणून कोणी चिमीला जवळही घेतले नाही. दोन दिवस ती कडेकडेने राहिली. गंगी जवळ असली की धीर करून चार पावले आत यायची, चंद्रीचे कान फिरले की बाहेर. माझी पत्नी दोनदा तिला जवळ घेऊन गोंजारायला निघाली. आक्काने दोन्ही वेळा अडवले. माणसाने मध्ये पडून लाड केले की पोर माणसाकडे पळते, कळपाकडे जात नाही.

खरी काळजी रात्रीची होती. इगतपुरीच्या रानात बिबट्या आहे, आणि कळपाच्या कडेला राहणारे कोवळे शिंगरू म्हणजे त्याला आमंत्रणच. आक्काच्या मुलाने कंदील घेऊन दोन रात्री बांधावर काढल्या. टेम्पोची भाषा करणारा तोच मुलगा! “आणलंय तर मरू कसं द्यायचं?” एवढेच तो म्हणाला. तिकडे मुक्काम हलवायची घाईही होती. देवदिवाळीच्या आत घाट उतरायचा होता आणि भरधाव मालमोटारींच्या रस्त्यावर कळपाबाहेरचे शिंगरू बुजले तर काय होईल, हे सांगायला नको.

तिसऱ्या रात्री वाड्याची कुत्री एकाएकी भुंकू लागली. मीही बॅटरी घेऊन धावलो. झाडीत काही दिसले नाही. उजेड खाचरावर फिरवला, तेव्हा पाचही घोडी एकमेकांना खेटून, झाडीकडे तोंड करून उभी होती. चंद्री पुढे होती. आणि चिमी? ती गंगीच्या आणि एका तरुण घोड्याच्या मध्ये उभी होती. कळपाने तिला आत घेतले, की तीच घुसली, हे कोणी पाहिले नाही. तिला कोणी हाकलले नव्हते, एवढे मात्र खरे.

सकाळी दव असताना मी पुन्हा गेलो. तो तरुण घोडा आणि चिमी उलटसुलट तोंडे करून उभे होते आणि एकमेकांच्या मानेच्या बुडाशी, जिथे आयाळ संपते तिथे, दातांनी हळूहळू खाजवीत होते. फ्रान्समधील संशोधकांनी 1993 साली दाखवून दिले आहे की नेमक्या याच जागी खाजवल्यास घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. आक्काने ठोके मोजले नव्हते. तिने ते दृश्य पाहिले, आणि पालाकडे वळून सुनेला सांगितले, “बांधाबांध करा. उद्या उतरायचं.”

दोरीशिवाय

दुसऱ्या दिवशी घाटनदेवीच्या देवळापर्यंत मी त्यांच्याबरोबर चाललो. बायकांनी घोडी लादली होती. गंगीच्या पाठीवर यंदा फक्त दोन घोंगड्या आणि एक कोंबडीचे खुराडे होते. देवीपुढे नारळ फुटला आणि वाडा उताराला लागला. खालून येणाऱ्या एका ट्रकने कर्णा वाजवला. चिमी दचकली, तिचे कान उभे राहिले, आणि तिने काय करावे? चंद्रीकडे पाहिले. चंद्री आपल्या चालीने चालत होती. चिमीही चालू लागली. तिच्या गळ्यात दोरी नव्हती.

घरात नवी सून येते, वर्गात वर्षाच्या मध्यावर नवा मुलगा येतो, चाळीत नवे बिऱ्हाड येते. आपण लगेच पुढे होतो, ओळखी करून देतो, “याला सांभाळून घ्या हं” म्हणून बजावतो. आक्का बजावीत नाही. ती रोग बाहेर ठेवते, पोटभर चारा लांब लांब टाकते, मागे हटायला जागा ठेवते आणि एक गरीब स्वभावाची सोबतीण देते. पुढचे काम ती घोड्यांवर सोपवते आणि वाट पाहते. हे वाट पाहणेच सर्वांत अवघड, हे मी त्या दोन दिवसांत तिच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

उन्हाळ्याच्या शेवटी वाडा घाट चढून परत आला. चिमी हातभर उंच झाली होती. तिच्या मागून एक कोकरू चालत होते, आणि ते फार जवळ आले की चिमी कान मागे पाडून त्याला दटावीत होती.