कोलोनच्या घरगुती हॉटेलात राहायचं तर

जर्मनीतल्या कोलोन शहरात मुक्कामाची जागा शोधायला बसलं की दोन तऱ्हेची हॉटेलं समोर येतात. एक मोठ्या साखळीतली, चोवीस तास स्वागतकक्ष उघडा असणारी. दुसरी पंधरा-वीस खोल्यांची, एकाच कुटुंबानं चालवलेली. या दुसऱ्या प्रकारात सकाळी नाश्ता मांडणारी व्यक्तीच दुपारी तुमच्या हातात चावी देते आणि संध्याकाळी पुढच्या पाहुण्यांच्या मेलना उत्तरं लिहिते. खोली स्वच्छ असते, जागा मोक्याची असते, आणि शहराविषयी काही विचारलं तर उत्तर तिथंच राहणाऱ्या माणसाकडून मिळतं.

अशा ठिकाणी सोयी कमी नसतात, माणसं कमी असतात. त्यामुळे कुणी तरी हजर असावं लागतं अशा प्रत्येक कामाला तिथे ठरलेली वेळ असते. ती वेळ पाळली किंवा आपली अडचण आधी लेखी कळवली, तर बहुतेक गोष्टी जमून जातात. आयत्या वेळी मात्र फारसं काही होत नाही. पुढची सगळी आखणी या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी तारखा, मग हॉटेल

कोलोन हे प्रदर्शनांचं शहर आहे. ऱ्हाइन नदीच्या पूर्व काठावर, डॉइट्झ भागात, इथलं प्रचंड प्रदर्शन संकुल आहे. अन्नपदार्थांचं ‘अनुगा’ हे प्रदर्शन विषम वर्षी ऑक्टोबरात भरतं. महाराष्ट्रातले मसाले आणि खाद्यपदार्थ निर्यात करणारे व्यापारी त्यासाठीच या शहरात येतात. ऑगस्टमध्ये व्हिडिओ गेम्सचं ‘गेम्सकॉम’ असतं. या दिवसांत हॉटेलांचे दर दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतात आणि छोटी हॉटेलं सर्वांत आधी भरतात, कारण जुने व्यापारी निघतानाच पुढच्या खेपेची खोली सांगून जातात.

दुसरी गर्दी कार्निव्हलची. त्याचा हंगाम 11 नोव्हेंबरला सकाळी 11 वाजून 11 मिनिटांनी सुरू होतो. मुख्य आठवडा ईस्टरच्या तारखेप्रमाणे फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला येतो. गुरुवारी रस्त्यावरचा उत्सव सुरू होतो आणि सोमवारी मोठी मिरवणूक निघते. तो पाहायचा असेल तर कित्येक महिने आधी खोली घ्यावी लागते, आणि एकाच रात्रीसाठी खोली द्यायला अनेक हॉटेलं तयार नसतात. तिसरी गर्दी नाताळच्या बाजारांची, नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून 23 डिसेंबरपर्यंत.

याच्या उलट बाजूही लक्षात ठेवा. कौटुंबिक हॉटेल वर्षातून एकदा घरच्यांच्या सुटीसाठी चक्क बंद असतं, बहुधा नाताळ ते नववर्ष किंवा उन्हाळ्यातले काही दिवस. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी शहराचं प्रदर्शन-वेळापत्रक आणि हॉटेलच्या सुट्या दोन्ही पाहून घ्या. तारीख आठवडाभर मागेपुढे केली तरी खर्चात मोठा फरक पडतो.

कोणत्या भागात राहावं

मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे. फ्रँकफर्ट विमानतळाच्या आवारातच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्थानक आहे. तिथून आयसीई ही वेगवान गाडी साधारण तासाभरात कोलोनला आणते. मुख्य स्थानकातून बाहेर पाऊल टाकलं की समोर 157 मीटर उंचीचं कॅथेड्रल उभं असतं. 1248मध्ये त्याचं बांधकाम सुरू झालं आणि मध्ये काही शतकं खंड पडून 1880मध्ये पूर्ण झालं.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं स्थानकापासून चालत जाता येईल असा भाग निवडावा. स्थानकाच्या उत्तरेला आयगेलश्टाइन आहे. तिथे लहान हॉटेलं बरीच, आणि वायडनगासे या गल्लीत तुर्की उपाहारगृहांची रांग आहे, त्यामुळे शाकाहारी माणसाची मसूरडाळीचं सूप, भाज्या आणि ताज्या पावावर चांगली सोय होते. दक्षिणेला जुनं शहर आहे, आल्टर मार्क्ट आणि हॉयमार्क्ट या चौकांच्या आसपासचं. ते देखणं आहे, पण बिअरगृहांमुळे शुक्रवार-शनिवारी रात्री उशिरापर्यंत गजबज असते. तिथे खोली घ्यायची तर रस्त्याकडची नको, मागच्या अंगणाकडची द्या, असं आधीच सांगावं. प्रदर्शनासाठी जाणाऱ्याला डॉइट्झ सोयीचं. तिथून होहेनत्सोलर्न पूल चालत ओलांडला की आपण कॅथेड्रलपाशी येतो.

हॉटेल वाचायला शिका

नावापुढे ‘गार्नी’ असेल तर तिथे फक्त खोली आणि नाश्ता मिळतो, जेवण नाही. ‘पेन्झिओन’ म्हणजे त्याहून साधी, कमी खोल्यांची जागा. तारे दिसले नाहीत म्हणून घाबरू नका. जर्मनीत तारांकन ऐच्छिक आहे; हॉटेलमालकांच्या संघटनेकडे फी भरून, तपासणी करून घेऊन ते मिळवावं लागतं. कित्येक चांगली छोटी हॉटेलं त्या फंदात पडत नाहीत.

जिना मात्र नीट तपासा. 30 मे 1942च्या रात्री कोलोनवर हजाराहून अधिक विमानांनी बॉम्बहल्ला केला, आणि युद्ध संपेपर्यंत जुन्या शहराचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला. नंतर जुन्याच अरुंद भूखंडांवर घाईनं घरं उभी राहिली. म्हणून तिथल्या अनेक छोट्या हॉटेलांत खोल्या आटोपशीर, जिने चिंचोळे आणि लिफ्टचा पत्ता नाही, असं आढळतं. कॅथेड्रलच्या मनोऱ्याच्या 533 पायऱ्या हौसेनं चढणं वेगळं आणि तेवीस किलोची बॅग घेऊन तिसरा मजला गाठणं वेगळं. मजले आपल्यासारखेच मोजतात: तळमजला, मग पहिला.

आणखी तीन गोष्टी खोलीच्या वर्णनात शोधा. न्हाणीघर खोलीतच आहे की मजल्यावर सामायिक? पंखा किंवा एसी आहे का? जुन्या इमारतींत एसी बहुधा नसतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीपर्यंत गेला की तो आठवतो. पलंग कसा आहे? जर्मन ‘डबल’ खोलीत पुष्कळदा एका चौकटीत दोन गाद्या आणि दोन वेगळी पांघरुणं असतात. एकटा प्रवासी असेल तर ‘सिंगल’ खोली स्वस्त पडते, पण ती खरोखरच लहान असते.

एक मेल, सगळे प्रश्न

बुकिंगच्या संकेतस्थळांवर हॉटेल शोधा, पण पैसे भरण्याआधी हॉटेलच्या स्वतःच्या पानावरचा दर बघा. पूर्वी ही संकेतस्थळं हॉटेलांना करारानं बांधत, की तुमच्या स्वतःच्या पानावर आमच्यापेक्षा कमी दर दाखवायचा नाही. जर्मनीच्या स्पर्धा आयोगानं 2013 आणि 2015मध्ये अशा अटींना मनाई केली आणि 2021मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं ती मनाई कायम ठेवली. संकेतस्थळाला द्यावं लागणारं कमिशन वाचत असल्यानं छोटा हॉटेलमालक थेट पाहुण्याला थोडी सूट, फुकट नाश्ता किंवा निदान बरी खोली देऊ शकतो.

इंग्रजीतला छोटा मेल पुरतो. त्यात पासपोर्टवर आहेत तशी सगळ्यांची नावं, येण्याची आणि निघण्याची तारीख, पोहोचण्याची अंदाजे वेळ लिहा. मग क्रमांक घालून प्रश्न विचारा: नाश्ता दरात धरलेला आहे का, लिफ्ट आहे का, शांत बाजूची खोली मिळेल का, कोणतं कार्ड चालतं, किती दिवस आधीपर्यंत खोली फुकट रद्द करता येते. उत्तर एक-दोन दिवसांनी येईल; रविवारी बहुधा येणार नाही. ते उत्तर जपून ठेवा. तोंडी बोलण्यापेक्षा लेखी शब्दावर तिथे व्यवहार चालतो, आणि लेखी दिलेला शब्द सहसा पाळला जातो.

व्हिसा आणि रद्द करण्याची अट

पर्यटक म्हणून जाणाऱ्याला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो. मोठ्यांसाठी शुल्क 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी 45. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. अर्जासोबत मुक्कामाचा पुरावा जोडायचा असतो; हॉटेलकडून आलेल्या पत्रात सगळ्यांची नावं आणि तारखा असल्या की काम सोपं होतं.

इथेच एक पेच आहे. व्हिसा मिळेल की नाही हे कळण्याआधी खोली घ्यावी लागते. जर्मन कायद्यात खोलीचं बुकिंग हा दोन्ही बाजूंना बांधणारा करार असतो; मनात आलं म्हणून तो मोडण्याचा हक्क पाहुण्याला आपोआप मिळत नाही. फुकट रद्द करण्याची सवलत ठरली नसेल तर हॉटेल रक्कम मागू शकतं, फक्त न वापरलेल्या सेवेमुळे वाचलेला खर्च त्यातून वजा करावा लागतो. नाश्त्यासह खोलीसाठी हा आकडा सर्वसाधारणपणे ऐंशी टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत थोडा महाग पण रद्द करता येणारा दर घ्यावा.

पैशाचा हिशेब

खोलीच्या दरावर तिथे 7 टक्के मूल्यवर्धित कर असतो आणि तो दाखवलेल्या किमतीतच धरलेला असतो. त्याशिवाय कोलोन महापालिका मुक्कामाच्या रकमेवर 5 टक्के कर घेते. तो दरात आहे की वेगळा, हे विचारून ठेवा. बर्लिनमध्ये असाच कर साडेसात टक्के आहे, म्युनिकमध्ये मुळीच नाही. त्यामुळे दोन शहरांतल्या दरांची तुलना करताना शेवटचा आकडा पाहावा.

छोट्या जागी कार्डाबाबत गृहीत धरू नका. दारावर कार्डाचं चित्र असलं तरी ते कधी कधी फक्त ‘जिरोकार्ड’ या जर्मन बँकांच्या कार्डापुरतं असतं, आणि आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड तिथे चालत नाही. दोन रात्रींच्या खर्चाइतके युरो रोख जवळ असलेले बरे.

पोहोचण्याचा दिवस

खोली बहुधा दुपारी 2 किंवा 3 नंतर मिळते. आपली विमानं सकाळी लवकर उतरतात, त्यामुळे मधले तास काढावे लागतात. बॅग ठेवून घ्याल का, असं आधी विचारलं असेल तर बहुतेक ठिकाणी ती ठेवून घेतात. उलट संध्याकाळी उशिरा पोहोचणार असाल तर ते कळवणं अत्यावश्यक. अनेक घरगुती हॉटेलांचा स्वागतकक्ष रात्री 8 किंवा 9 वाजता बंद होतो. उशिरा येणाऱ्यासाठी दाराजवळच्या छोट्या तिजोरीत चावी ठेवतात आणि तिचा आकडा मेलवर पाठवतात. तो आकडा कागदावर लिहून घ्या. फोनची बॅटरी नेमकी त्याच वेळी संपते. गाडी उशिरा धावत असेल तर वाटेतूनच फोन करा. जर्मन रेल्वेच्या वक्तशीरपणाची कीर्ती आता जुनी झाली आहे.

आल्यावर एक नोंदणीपत्र भरून सही करायची असते. जर्मन नागरिकांसाठी ही सक्ती 1 जानेवारी 2025पासून उठली. परदेशी पाहुण्यांना मात्र ती अजून आहे, त्यामुळे पासपोर्ट हाताशी ठेवा. चावीच्या जुडग्यात रस्त्यावरच्या दाराचीही चावी असते. रात्री दार उघडायला कुणी नसतं, तेव्हा ती बरोबर घेऊनच बाहेर पडा.

खोलीत आणि नाश्त्याच्या टेबलावर

टूथब्रश, सपाता, चहाची किटली खोलीत असेलच असं नाही. नळाचं पाणी बिनधास्त प्यावं. आपला दोन गोल पिनांचा प्लग बहुधा बसतो, तीन पिनांचा बसत नाही. खिडकीची मूठ आडवी केली की खिडकी दारासारखी उघडते, वर फिरवली की फक्त वरून थोडी कलते. रात्री 10 ते सकाळी 6 शांततेची वेळ असते. भिंती पातळ असतात आणि वरच्या मजल्यावर बहुधा मालकच राहत असतात.

नाश्ता साधारण 7 ते 10. ताजे छोटे पाव, राय पिठाचा काळसर पाव, चीज, लोणी, मुरंबे, मध, दही, उकडलेलं अंडं, फळं आणि भरपूर कॉफी. पातळ कापलेल्या मांसाच्या चकत्यांत डुकराचं आणि गाईचं मांस असतं, त्यामुळे ते न खाणाऱ्यानं विचारून घ्यावं. शाकाहारी आहोत हे आदल्या दिवशी सांगितलं तर वेगळं काही मांडून ठेवतात. पहाटेची गाडी असेल तर आदल्या संध्याकाळी डबा मागा. न विचारता टेबलावरचे पाव पिशवीत भरणं वाईट दिसतं. रविवारी शहरातली दुकानं बंद असतात, पण मुख्य स्थानकातली उघडी असतात.

निघताना

खोली सकाळी 10 किंवा 11पर्यंत सोडावी लागते. लवकर निघायचं असेल तर हिशेब आदल्या संध्याकाळीच पुरा करा, कारण पहाटे 5 वाजता बिल करायला कुणी उठणार नाही. बिलावर खोली, नाश्ता आणि शहराचा कर वेगवेगळे दाखवलेले असतात; मेलमध्ये ठरलेल्या आकड्याशी ते ताडून पाहा. कंपनीच्या नावानं बिल हवं असेल तर नाव-पत्ता आधी द्या. खोली साफ करणाऱ्यासाठी एक-दोन युरो टेबलावर ठेवण्याची रीत आहे.

गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यानं, मध्यरात्री उतरणाऱ्यानं, किंवा ज्याचा बेत रोज बदलतो त्यानं साखळी हॉटेलच घ्यावं. चोवीस तास माणूस हजर असण्याचेच ते पैसे असतात. ज्याच्या तारखा पक्क्या आहेत आणि दोन मेल लिहिण्याचा ज्याला कंटाळा नाही, त्याला घरगुती हॉटेल त्याच भागात बहुधा कमी खर्चात पडतं. पुढच्या खेपेला संकेतस्थळाकडे जायचीही गरज नसते, जुन्या मेललाच उत्तर लिहिलं की झालं.