महामार्गालगतची गुऱ्हाळे

जुन्या पुणे-बंगळूर रस्त्याने कराड सोडून कोल्हापूरकडे जाताना दिवाळीनंतर उसाच्या फडांआडून धूर दिसू लागतो. तो गुऱ्हाळांचा, म्हणजे उसाच्या रसापासून गूळ करणाऱ्या हंगामी कारखान्यांचा असतो. चरकातला रस काहिलीत, म्हणजे रुंद, पसरट कढईत, उकळतो आणि खालच्या चुलवाणात त्याच उसाची वाळलेली चिपाडे जळतात. भेंडीच्या झाडाच्या चिकट रसाने मळी वर आणून काढली जाते. मात्र काहील कधी उतरवायची, हे गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, पाण्यात पाकाची गोळी वळून ठरवतो, आणि गुळाचा खरा कस त्याच क्षणावर अवलंबून असतो. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. काही ठिकाणी रंग उजळावा म्हणून रसायने वापरली जात असल्याने पिवळाधमक गूळच उत्तम, हा ग्राहकांचा समज फसवा आहे.