ऑक्टोबरचे आरोपी

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ सहा महिन्यांत 162 सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. त्यातून तीसपैकी बारा संघ पुढे जातात आणि ऑक्टोबरमध्ये प्लेऑफ सुरू होतात. पहिली फेरी तीन सामन्यांची, दुसरी पाचची, मग सातची, आणि शेवटी सात सामन्यांची वर्ल्ड सिरीज. सहा महिन्यांत कमावलेलं दोन दिवसांत घालवायची सोय या रचनेतच आहे. ऑक्टोबर लागला की चाहत्यांची भाषाही बदलते. जूनमध्ये एखादा नावाजलेला बॅटर चार सामने रिकाम्या हाताने परतला, तर 'सध्या लय बिघडली आहे' एवढ्यावर विषय मिटतो. ऑक्टोबरमध्ये नेमकं तेच घडलं की 'याला दडपण झेपत नाही', 'हा मोठ्या सामन्याचा माणूसच नव्हे' असा निकाल लागतो. कामगिरी तीच असते, पण जूनमध्ये चर्चा खेळाची होते आणि ऑक्टोबरमध्ये स्वभावाची. प्लेऑफमधल्या खेळावर कठोर टीका जरूर व्हावी, पण चार-पाच सामन्यांवरून खेळाडूचं काळीज किती मोठं हे ठरवण्याइतका पुरावा बहुतेक वेळा कुणाच्याच हाती नसतो.

30 ऑक्टोबर 2024 ची न्यूयॉर्कमधली रात्र पाहा. यँकीज विरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स, वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना. यँकीजचा कर्णधार अॅरन जज याने त्या मोसमात 58 होमरन मारले होते आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरण्याच्या वाटेवर तो होता. प्लेऑफमध्ये मात्र त्याची बॅट थंड पडली होती. या सामन्यात पहिल्याच इनिंगमध्ये त्याने होमरन मारला. चौथ्या इनिंगमध्ये फ्रेडी फ्रीमनचा खोल गेलेला फटका त्याने कुंपणाला धडकत झेलला. यँकीज 5-0 ने पुढे, आणि त्यांचा पिचर गेरिट कोल याने तोवर एकही हिट दिलेला नव्हता. पाचव्या इनिंगमध्ये टॉमी एडमनचा सरळ हातात येणारा सोपा झेल जजच्या ग्लोव्हमधून निसटला. पुढच्याच बॅटरच्या फटक्यावर शॉर्टस्टॉप अँथनी व्हॉल्पीची तिसऱ्या बेसकडची फेक टप्पा खाऊन गेली. बेस भरले. कोलने सलग दोघांना स्ट्राइक आउट केलं, त्यात एक शोहेई ओतानी. मग मुकी बेट्सने पहिल्या बेसकडे एक लडखडता ग्राउंडर मारला. असा फटका गेला की पिचरने धावत जाऊन पहिला बेस गाठायचा, हा धडा शाळेतल्या मुलांनाही घोटून दिलेला असतो. कोल दोन पावलं गेला, थांबला आणि बेसकडे बोट दाखवत राहिला. बेस रिकामा, बेट्स सुरक्षित, आणि बघता बघता 5-5. डॉजर्सने सामना 7-6 ने जिंकला आणि सिरीजही खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त शिव्या जजने खाल्ल्या. या एका रात्रीत त्याचा होमरन आहे, जबरदस्त झेल आहे आणि सुटलेला झेलही आहे. तीन तासांत एकाच माणसाची हिंमत दोनदा येते आणि एकदा जाते असं मानायचं असेल, तर हिंमत या शब्दाला काही अर्थच उरत नाही. कोलवरची टीका मात्र रास्त होती. बेसकडे धावणं हे नशिबावर, समोरच्या पिचरच्या वेगावर किंवा वाऱ्यावर अवलंबून नसतं. ते त्याच्या हातात होतं आणि त्याने केलं नाही. टीकेच्या या दोन जाती वेगळ्या ठेवता आल्या, तर ऑक्टोबरमधला अर्धा गोंधळ कमी होईल.

आता थोडं गणित. बॅटिंगच्या दहा संधींपैकी तीनदा हिट मिळवणारा, म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेसवर पोहोचणारा बॅटर उत्तम समजला जातो. एका लांब मालिकेत त्याच्या वाट्याला साधारण वीस संधी येतात, म्हणजे सहा हिट अपेक्षित. पण त्याच्या कौशल्यात तसूभरही फरक पडला नाही, तरी केवळ शक्यतेच्या हिशेबाने त्याला तीन किंवा त्याहून कमी हिट मिळण्याचा संभव सुमारे 11 टक्के असतो. नऊ किंवा अधिक हिट मिळण्याचा संभवही जवळपास तेवढाच. म्हणजे दर नऊ मालिकांमागे एकदा तो खलनायक ठरणार, एकदा महानायक, आणि दोन्ही वेळा आत माणूस तोच. शिवाय प्लेऑफमध्ये समोरचे पिचर सरासरी पिचर नसतात. दुबळे संघ केव्हाच घरी गेलेले असतात, मधल्या सुट्ट्यांमुळे संघ आपल्या उत्तम तीन-चार पिचरवरच भागवतात, आणि सुरुवातीचा पिचर थोडा दमला की ताज्या दमाचा, तुफान वेगाचा माणूस येतो. बहुतेकांचे आकडे ऑक्टोबरमध्ये उतरतात ते त्यामुळे. चाहता मात्र जजच्या ऑक्टोबरची तुलना जजच्याच जुलैशी करतो. ती तुलनाच मुळात लंगडी आहे.

इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. 1941 मध्ये 0.406 ची सरासरी गाठणारा बोस्टनचा टेड विल्यम्स आयुष्यात एकच वर्ल्ड सिरीज खेळला, 1946 ची, आणि तीत त्याला 25 संधींत 5 हिट मिळाले. त्याआधी एका सराव सामन्यात त्याच्या कोपराला चेंडू लागला होता, हे फार थोड्यांना आठवतं. बॅरी बाँड्सने पिट्सबर्गसाठी 1990, 1991 आणि 1992 अशा तीन प्लेऑफमध्ये 68 संधींत 13 हिट मिळवले आणि 'ऑक्टोबरमध्ये विरघळणारा' असा शिक्का कपाळी घेतला. 2002 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोसाठी त्याच बाँड्सने एका प्लेऑफ मोसमात 8 होमरन मारले. (बाँड्सवर उत्तेजकांचे आरोप आहेत आणि ते गंभीर आहेत, पण तो निराळा खटला.) अॅलेक्स रॉड्रिगेझ 2006 मध्ये डेट्रॉइटविरुद्ध 14 संधींत एकच हिट काढू शकला. मालिकेच्या शेवटच्या सामन्यात मॅनेजर जो टॉरी यांनी त्याला आठव्या क्रमांकावर ढकललं, आणि त्या मानहानीची चर्चा हरण्यापेक्षा जास्त झाली. तीन वर्षांनी यँकीजनी विजेतेपद मिळवलं तेव्हा रॉड्रिगेझच्या प्लेऑफमधल्या खात्यावर 6 होमरन होते.

उलट्या बाजूचंही तेच. 'मिस्टर ऑक्टोबर' ही पदवी मिरवणाऱ्या रेजी जॅक्सनने 1977 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये एकाच सामन्यात तीन होमरन मारले, आणि वर्ल्ड सिरीजमधली त्याची सरासरी 0.357 आहे. त्याच्या आधीच्या फेरीत, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या मालिकांमध्ये, हाच जॅक्सन 0.227 वर घुटमळला. त्याही मालिका ऑक्टोबरमध्येच होत्या. सगळ्यांत बोलका आकडा डेरेक जीटरचा आहे. दडपणाखाली फुलणारा खेळाडू म्हणून यँकीजचे चाहते ज्याची आजही शपथ घेतात, तो जीटर प्लेऑफचे 158 सामने खेळला. म्हणजे जवळजवळ आणखी एक पूर्ण मोसम. त्यातली त्याची सरासरी 0.308, आणि नियमित मोसमातली 0.310. त्याचा मोठेपणा ऑक्टोबरमध्ये निराळा माणूस होण्यात नव्हता.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की दडपण खरंच असतं, ते आकड्यांनी नाकारून कसं चालेल? नाकारायचं कारणच नाही. रिचर्ड क्रेमर यांनी 1977 मध्ये निर्णायक क्षणी चमकणाऱ्या बॅटरचा शोध घेतला, तेव्हा एका वर्षी त्या यादीत असलेले लोक पुढच्या वर्षी पुन्हा त्याच यादीत येतातच असं दिसलं नाही. पुढे बेसबॉलच्या आकडेशास्त्राचे पितामह बिल जेम्स यांनी या निष्कर्षाला मुरड घातली. अशा पद्धतीने गुण सापडला नाही म्हणजे तो नाहीच असं म्हणता येत नाही, धुकं दाट असेल तर समोरचा माणूसही दिसत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. तो मान्य केला पाहिजे. पण धुक्याचा फायदा दोन्ही पक्षांना सारखाच मिळतो. ज्या पुराव्यातून तज्ज्ञांना वर्षानुवर्षं शोधून हा गुण नीट वेगळा काढता येत नाही, तो गुण चाहत्याला मात्र पाच सामने पाहून दिसतो, हे पटण्यासारखं नाही. शिवाय दडपणाने खरोखर कोसळणारी माणसं मेजर लीगपर्यंत पोहोचेतोच गळतात. मायनर लीगच्या चाळणीतून वर्षं काढून जो वर येतो, त्याच्याविषयी 'याला दडपण माहीत नाही' असं म्हणणं धाडसाचं आहे. क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या वाचकाला हे नवं वाटू नये. 2003 च्या विश्वचषकात सचिन तेंडुलकरने 673 धावा काढल्या आणि अंतिम सामन्यात तो 4 वर बाद झाला. पुढे कितीतरी वर्षं काहींना त्यातला फक्त दुसराच आकडा पाठ होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्याचं नाव क्लेटन करशॉ. डॉजर्सच्या या डावखुऱ्या पिचरने सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार तीनदा मिळवला. नऊ इनिंगमागे तो सरासरी अडीचच्या आसपास धावा द्यायचा. प्लेऑफमध्ये तोच आकडा साडेचारच्या पुढे गेला, आणि तोही जवळजवळ 200 इनिंग टाकून. इथे वीस संधींचा हिशेब पुरत नाही. योगायोग म्हणून हात झटकता येत नाहीत, हे प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे. पण पुरावा मोठा झाला की प्रश्नही बारकाईने विचारता येतो. करशॉ नेमका कधी फुटला? 2014 मध्ये सेंट लुईसविरुद्ध दोन्ही सामन्यांत सातव्या इनिंगमध्ये, त्यातला दुसरा सामना तर नेहमीपेक्षा एक दिवस कमी विश्रांतीवर. 2019 मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध तो मधूनच आणला गेला. सातव्या इनिंगमधला अवघड बळी त्याने मिळवला, काम तिथेच संपलं होतं. मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांनी त्याला आठव्यासाठी पुन्हा पाठवलं, आणि अँथनी रेंडन व हुआन सोटो यांनी लागोपाठच्या दोन चेंडूंवर होमरन मारले. 106 सामने जिंकलेला संघ तिथे बाद झाला. 2017 चा ह्यूस्टनमधला सामनाही त्याच्या पापांच्या यादीत धरतात. 4-0 ची आघाडी त्याच्या हातून निसटली खरी, पण त्या मोसमात आणि त्या प्लेऑफमध्येही ह्यूस्टन अॅस्ट्रोज कॅमेऱ्यातून प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरत होते, हे 2020 मध्ये लीगच्याच चौकशीने सांगितलं.

हे सगळं जोडलं की करशॉविषयी जे चित्र उभं राहतं ते भित्र्या माणसाचं नाही. आपल्या सर्वोत्तम पिचरवर नको इतका भरवसा टाकणारा संघ, थकलेला खांदा, आणि तिसऱ्यांदा समोर येणारे, आता त्याचे चेंडू ओळखू लागलेले बॅटर, असं ते चित्र आहे. त्यात करशॉचा दोष आहेच. 2013 मध्ये सेंट लुईसने त्याच्यावर सात धावा कुटल्या तेव्हा तो सरळ वाईट खेळला. पण 'कधी बदलायला हवं होतं' हा प्रश्न विचारला की पुढच्या वेळी काही सुधारता येतं. 'याच्यात दम नाही' म्हटलं की चर्चाच बंद होते, आणि ज्यांनी निर्णय घेतला ते सुटतात. 2020 मध्ये डॉजर्स विजेते झाले तेव्हा वर्ल्ड सिरीजमधले दोन सामने करशॉच्या नावावर होते, आणि त्या दोन्हींत त्याला वेळेवर थांबवलं गेलं होतं.

तिसरा आक्षेप तर्काचा नाही, हक्काचा आहे. चाहता तिकिटाचे पैसे मोजतो, थंडीत कुडकुडत बसतो, त्याने आता शक्यताशास्त्र शिकून यायचं का? अजिबात नाही. चिडणं हा त्या आनंदाचाच भाग आहे. पण या चिडण्याची किंमत काही वेळा माणसाला मोजावी लागते. 25 ऑक्टोबर 1986 ला वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात बोस्टन रेड सॉक्स विजेतेपदापासून एका बळीवर होते, 5-3 ने पुढे. प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क मेट्सनी सलग तीन हिट मारले, मग बोस्टनच्या पिचरचा एक चेंडू कॅचरला चुकवून गेला आणि बरोबरी झाली. त्यानंतर मुकी विल्सनचा ग्राउंडर बिल बकनरच्या पायांमधून निघून गेला. म्हणजे बकनरने तो अडवला असता तरी सामना फार तर लांबला असता. पुढे सातवा सामना शिल्लक होताच, आणि त्यातही बोस्टनने 3-0 ची आघाडी गमावली. घोट्यांच्या दुखण्याने बेजार 36 वर्षांच्या बकनरला शेवटच्या इनिंगमध्ये विश्रांती देऊन बदली खेळाडू उतरवण्याची मॅनेजरची रीत होती, ती त्या रात्री मोडली. तरी कारकिर्दीत 2,715 हिट मारणारा हा माणूस वर्षानुवर्षं त्या एका चेंडूचा धनी राहिला. 2008 मध्ये फेनवे पार्कवर बोस्टनकरांनी उभं राहून त्याला टाळ्या दिल्या, पण तोवर संघाने दोन विजेतेपदं मिळवून झाली होती. क्षमा करणं मग फार महाग पडत नाही.

राहिला जज. 2025 च्या प्लेऑफमध्ये त्याने सात सामन्यांत 26 संधींपैकी 13 हिट मारले. टोरांटोविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात 6-1 ने मागे पडलेला संघ 6-3 पर्यंत सावरला असता, शरीराच्या आत शिरणारा अफाट वेगाचा चेंडू त्याने डाव्या बाजूच्या फाउल पोलवर आदळवून बरोबरी साधली, आणि यँकीज तो सामना 9-6 ने जिंकले. मालिका मात्र 3-1 ने हरले. त्यांच्या पिचर मंडळींनी चार सामन्यांत 34 धावा दिल्या होत्या, त्यातल्या 23 पहिल्या दोनच सामन्यांत. बॅट हातात घेऊन त्या अडवण्याची सोय बेसबॉलच्या नियमांत नाही.