खेळाचे एम्. ए.

भाचीने एम्. पी. एड्.ला जायचे ठरवले, तेव्हा आमच्या ताईच्या घरात कुणीतरी आजारी पडल्यासारखी कुजबुज सुरू झाली. बी. ए.नंतर दोन वर्षांचे बी. पी. एड्. झाले, तोवर ठीक होते. शाळेत नोकरी मिळेल, ही आशा होती. तशी ती मिळालीही. आता ती सोडून आणखी दोन वर्षे शिकायचे, तेही पुणे सोडून अमरावतीला, वसतिगृहात!

"अरे, खेळाचं कसलं आलंय एम्. ए.?" मेहुणे मला म्हणाले. "तू प्राध्यापक माणूस. तूच समजाव तिला."

मी समजवायला गेलो. खरे सांगायचे, तर माझेही मत काही निराळे नव्हते. घाम गाळायला पदव्युत्तर पदवी कशाला हवी?

माझे प्रवचन तिने निमूटपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मामा, पाच मिनिटं देशील?"

मागच्या अंगणातल्या ओट्यापाशी तिने मला उभे केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्ड विद्यापीठात तयार झालेली ही चाचणी. २० इंच उंचीवर मिनिटाला ३० वेळा, असे पाच मिनिटे चढायचे-उतरायचे आणि मग बसून नाडी मोजायची. नाडी जितक्या लवकर ताळ्यावर येईल, तितका माणूस धडधाकट. दीड मिनिटात मी ओट्यावर बसकण मारली. ताई पदराआड हसत होती.

धाप ओसरेपर्यंत तिची पुस्तके चाळली. शरीरक्रियाशास्त्र, हालचालींमागचे यंत्रशास्त्र, क्रीडामानसशास्त्र, वर संख्याशास्त्र! प्रवेशासाठी लेखी परीक्षा आणि शिवाय मैदानावरची चाचणी. आमच्या एम्. ए.ला असे कुणी पळवले असते, तर मी आज कुठे असतो, देव जाणे!

अमरावतीच का, याचेही उत्तर तिच्यापाशी होते. तिथले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेले. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या मंडळींनी तिकडे जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते. आणि व्यायामाला शास्त्राच्या कसोटीवर घासणे ही काही परदेशातून उसनी आणलेली हौस नव्हे. लोणावळ्याला कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४च्या सुमाराला योगक्रियांचे क्ष-किरणांनी निरीक्षण केले आणि ते छापायला 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. मी मराठीचा अध्यापक. नियतकालिकांचा इतिहास शिकवतो. याची मला दादही नव्हती.

ती गेली. मेहुणे महिनाभर फोनवर तिच्याशी "आईला देतो" एवढेच बोलत.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंधासाठी तिने विषय घेतला, तो बागांचा. पन्नाशीपुढच्या बायका बागेत किती चालतात आणि का थांबतात? सुट्टीत घरी आली, ती वही आणि घड्याळ घेऊन आमच्याच भागातल्या बागेत जाऊन बसली. कुणाचे गुडघे दुखत होते. पण पुष्कळजणी थांबत त्या निराळ्याच कारणांनी. संध्याकाळी दिवा नाही, स्वच्छतागृहाला कुलूप, बाकांवर तरुण मंडळींचा अड्डा. व्यायामाचा आळस म्हणून ज्याला आपण नावे ठेवतो, त्यातला बराचसा भाग कुलपाच्या किल्लीत असतो, हे मला तोवर सुचले नव्हते.

एके दिवशी तिने ताईलाच धरून नेले. नाडी मोजता मोजता विचारले, "आई, तू शेवटची कधी पळालीस?"

"दहावीला," ताई म्हणाली. "खो-खोत. पाठलाग करायला मला कुणी आवरू शकत नसे." लग्नाला तीस वर्षे झाली, मेहुणे हे पहिल्यांदाच ऐकत होते. मी सख्खा भाऊ, मलाही आठवत नव्हते.

प्रबंधात नावे लिहीत नाहीत, फक्त क्रमांक. ताई सतराव्या क्रमांकाची बाई. ती आता रोज पहाटे चालायला जाते, आणि मेहुणे तिच्यासाठी बाहेरच्या खोलीतला दिवा लावून ठेवतात. रविवारी अमरावतीहून फोन आला, की फोन आता आधी तेच उचलतात आणि विचारतात, "सतरा नंबरचे ठोके कितीवर आले गं?"