लाकडाची कानस कशी निवडावी

लाकूड तासावयाचें तर वाकस आणि सपाट करावयाचें तर रंधा, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु खुर्चीचा वळणदार पाय घडवावयाचा झाल्यास या दोहोंचें फारसें चालत नाहीं. वाकस वळणावर जास्तीचें लाकूड उडविते आणि साधा रंधा वळणांत शिरतच नाहीं. तेथें लागते ती लाकडाची कानस. हिला रास्प म्हणतात. लोखंडाच्या कानशीवर धारेच्या तिरप्या रेघा असतात. हिच्यावर सुटे सुटे दांते असतात व प्रत्येक दांता लाकडाचा एकेक कण उचलतो.

बाजारांतील बहुतेक रास्पांचे दांते यंत्रानें पाडलेले व ओळींनीं मांडलेले असतात. ही शिस्त दिसावयास चांगली, पण कामास घातक. मागचा दांता पुढच्याच्याच चरींतून जातो. चर खोल होत जाते आणि मधला उंचवटा तसाच राहतो. मग मुलगा काचकागद घेऊन घासत बसतो, आणि चरी जातां जातां पायाचें मूळचें वळणही जातें. अशा वेळीं दोष मुलाच्या हातास दिला जातो. आमच्या मतें तो पुष्कळदां हत्याराचा असतो.

हातानें दांते पाडलेल्या रास्पेची गोष्ट निराळी. फ्रान्समधील लिओजिए (१८४८) व ओरियू (१८५६) ही घराणीं या कामाविषयीं प्रसिद्ध आहेत. कारागीर मऊ पोलादावर अणकुचीदार छिन्नी टेकवून हातोडीचा घाव घालतो. एका घावास एक दांता. असे हजारों दांते पाडून झाल्यावर पोलादास पाणी देतात. हात कितीही कसलेला असो, दोन घावांच्या अंतरांत केसभर फरक पडतोच, आणि सारा गुण त्या फरकांत आहे! एका दांत्यानें सोडलेलें लाकूड दुसरा उचलतो. चर पडत नाहीं.

दांत्यांच्या बारीकपणास क्रमांक असतात. ओरियूच्या रास्पांत १ हा सर्वांत जाड व १५ हा सर्वांत बारीक. मुलासाठीं एकच घ्यावयाची तर ९ क्रमांकाची, सुमारें १० इंच लांबीची, एका अंगानें सपाट व दुसऱ्या अंगानें गोलसर अशी घ्यावी. गोल अंगाची वाटोळाई घडवावयाच्या खळग्याहून किंचित् अधिक असावी. नाहींतर रास्प कडांवरच टेकते व तळाशीं पोंचत नाहीं. डावखुऱ्या मुलांसाठीं उलट्या रोखानें दांते पाडलेल्या रास्पाही मिळतात, हें पालकांनीं मागणी देतांना विसरूं नये.

किंमत मात्र यंत्राच्या रास्पेच्या कित्येक पट पडते. म्हणून संच घेण्याचा मोह धरूं नये. आणि ज्या मुलास अजून सरळ करवत चालवितां येत नाहीं, त्याच्यासाठीं तर एकही घेऊं नये. जाडेंभरडें लाकूड उतरविण्यास यंत्राची रास्प पुरते. वळण हातीं येऊं लागलें कीं दुसरी आणावी.

ती वापरतांना दाब पुढें ढकलतांनाच द्यावा व परत आणतांना ती उचलावी. कडेशीं लाकूड ढलपे धरून निघतें, यास्तव दोन्ही कडांकडून आंत यावें. आपल्या सागवानांत वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात. त्यांनीं हत्यारें लवकर बोथट होतात. जुन्या लाकडांत खिळा राहिला असल्यास तो आधीं काढावा. दांत्यांत भरलेला भुसा मऊ ब्रशानें झाडावा, तारेच्या ब्रशानें कधींही नव्हे. आणि काम संपल्यावर रास्प इतर कानशींच्या पेटींत न टाकतां जाड कापडांत गुंडाळून ठेवावी.